तिचा वीकएण्ड कधी?

पोटभर जेवण, पाठ टेकायला जागा आणि डोक्यावर छप्पर. बेघर बाईला एवढं मिळालं की आपलं काम झालं, असं आपल्याला वाटतं. पण जेवण झाल्यावर उरलेल्या लांबलचक दिवसाचं काय? गाणं, फुगडी, झोका, रांगोळी, फुटबॉल... या ‘फालतू’ गोष्टींची तिच्या आयुष्यात किंमत किती, याचा हा सोलापुरी हिशोब.

शुक्रवारी संध्याकाळचे सहा वाजले की ऑफिसात सगळ्यांच्या डोक्यात एकच विषय. पिक्चर टाकायचा का? थंडी असेल तर हुरडा पार्टी? की सरळ घरी जाऊन तंगड्या पसरायच्या आणि रविवारी दुपारी बारालाच उठायचं? आठवडाभर बॉसची बोलणी खाल्ली, टार्गेटच्या मागे पळालो, आता दोन दिवस आपले. यात कुणाला काही वावगं वाटत नाही. उलट एखादा म्हणाला, की मला वीकएण्डला काहीच करायला आवडत नाही, तर आपण काळजीने विचारतो, ‘काय रे, सगळं ठीक आहे ना?’

आता हाच प्रश्न जरा वेगळ्या ठिकाणी विचारून बघा. सोलापूर स्टेशनच्या बाहेर, देवळाच्या पायरीशी, एसटी स्टॅण्डच्या कोपऱ्यात एखादी बाई बसलेली असते. गाठोडं छातीशी धरलेलं, केसांच्या जटा, नजर कुठेतरी लांब. ती विरंगुळा म्हणून काय करते? शेवटचं कधी हसली? गाणं कुठलं आवडतं? प्रश्न विचारल्याबरोबर शेजारचा म्हणणार, ‘काय बे, तिला आधी दोन घास दे, विरंगुळा कसला काढतो!’

मुद्दा बरोबर आहे, पण अर्धाच. दोन घास आधी, हे खरंच. पण ‘आधी’ म्हटलं की ‘नंतर’ही काहीतरी असतं. आणि बेघर बायकांच्या बाबतीत ते ‘नंतर’ कधी येतच नाही.

वेळच वेळ, पण तिचा नाही

आपल्याला वाटतं, रस्त्यावरच्या माणसाला काय, दिवसभर वेळच वेळ. बाईच्या बाबतीत तर हे साफ चूक आहे. उघड्यावर राहणारी बाई रात्री नीट झोपत नाही, कारण झोपणं धोक्याचं असतं. ती उजेडाच्या खांबाखाली, गर्दीच्या कडेला, दुसऱ्या एखाद्या बाईला चिकटून रात्र काढते आणि दिवसा डुलक्या घेते. संडासला कुठे जायचं, पाळी आली तर काय करायचं, पिशवी कुणाच्या भरवशावर ठेवायची, कोण हटकेल, कोण मागे लागेल, हा चोवीस तासांचा हिशोब डोक्यात चालू असतो. याला मोकळा वेळ म्हणत नाहीत. ही पहाऱ्यावरची ड्युटी आहे आणि तिला सुट्टी नाही.

निवाऱ्यात आल्यावर ड्युटी संपते, पण दुसरी पंचाईत सुरू होते. सकाळी चहा, मग नाश्ता, दुपारी जेवण, संध्याकाळी चहा, रात्री जेवण. मधल्या वेळात भिंत. करायला काही नाही, निवडायला काही नाही. कुठली भाजी, कुठला साबण, दिवा कधी घालवायचा, सगळं दुसरा ठरवतो. घरदार गेलेल्या माणसाला हा रिकामा वेळ खायला उठतो. जुन्या आठवणी नेमक्या तेव्हाच वर येतात.

म्हणूनच निवाऱ्यातला विरंगुळ्याचा कार्यक्रम ही शोभेची गोष्ट नाही. ‘मावशी, आज गाणी म्हणायची की चित्रं काढायची?’ या साध्या प्रश्नात एक मोठी गोष्ट लपलेली असते. कितीतरी दिवसांनी कुणीतरी तिला तिची मर्जी विचारलेली असते. आणि ती ‘मला काहीच नको, मी झोपते’ म्हणाली, तर तेही चालतं. जी बाई कित्येक रात्री जागली, तिची पहिली करमणूक म्हणजे दार लावून काढलेली झोप!

सोलापूरच का?

सोलापूरचा नकाशा डोळ्यांपुढे आणा. मुंबई-चेन्नई रेल्वेमार्गावरचं हे मोठं जंक्शन. एका बाजूला पंढरपूर, दुसरीकडे तुळजापूर, तिसरीकडे अक्कलकोट, पुढे कर्नाटकात गाणगापूर. माणसं इथे देवदर्शनाला येतात, सिव्हिल हॉस्पिटलला येतात, कामाला येतात. यातली एखादी बाई मागे राहून जाते. कधी नवऱ्याने टाकलेली, कधी मारहाणीला कंटाळून मिळेल त्या गाडीत बसलेली, कधी म्हातारपणी नकोशी झालेली, कधी मनाच्या आजाराने रस्ता चुकलेली. बरं, तिची भाषा मराठीच असेल याची खात्री नाही. इथे कानडी, तेलुगू, दखनी उर्दू, सगळंच कानावर पडतं.

२०११ च्या जनगणनेत देशात १७ लाखांहून अधिक लोक बेघर म्हणून मोजले गेले, त्यातले ९ लाखांहून अधिक शहरांत. राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाने २०१३ मध्ये निकष ठरवला, की शहराच्या दर एक लाख वस्तीमागे १०० माणसांचा एक निवारा हवा आणि माणशी किमान ५० चौरस फूट जागा हवी. २०११ ला सोलापूरची वस्ती होती साडेनऊ लाख. म्हणजे कागदावरच्या हिशोबाने एकट्या सोलापूरला नऊ निवारे. प्रत्येक निवाऱ्यात दुपार असते. मुद्दा त्या दुपारचा आहे.

आणि सोलापूर जिल्ह्याला हा विषय नवा नाही. महात्मा फुले आणि सावित्रीबाईंनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. त्यानंतर बारा वर्षांनी, १८७५ ला, प्रार्थना समाजाच्या मंडळींनी पंढरपुरात टाकून दिलेल्या बाळांसाठी आश्रम उभा केला. फसवल्या गेलेल्या विधवा आणि त्यांची नकोशी ठरवलेली मुलं, हा तेव्हाच्या तीर्थक्षेत्राचा न बोलला जाणारा चेहरा होता.

पुण्याहून रेल्वेने सोलापूरला येताना दौंडच्या अलीकडे केडगाव लागतं. इथे पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन आहे. १८९६-९७ च्या दुष्काळात देशोधडीला लागलेल्या शेकडो बायका-मुलींना रमाबाईंनी आसरा दिला. पण त्याच्याही आधीची गोष्ट जास्त इंटरेस्टिंग आहे. अमेरिकेत असताना रमाबाईंनी किंडरगार्टनचं शिक्षण घेतलं होतं. जर्मन शिक्षणतज्ज्ञ फ्रोबेलची ही पद्धत, आणि तिचा पायाच खेळ! ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत त्यांनी विधवांसाठी शारदा सदन काढलं, तेव्हा खेळ आणि शिकणं हातात हात घालून जातात, हे शिकून आलेली बाई ते चालवत होती. ज्या काळात विधवेने हसणंसुद्धा गुन्हा होता, त्या काळात!

माहेर नावाचा क्लब

आपल्याकडे बाईच्या मौजमजेचा एक जुना पत्ता आहे. माहेर! पंचमीचा झोका माहेरचा. मंगळागौरीला झिम्मा, पिंगा, बसफुगडी. नवरात्रात फेर धरून गाणी आणि शेवटी खिरापत ओळखण्याचा दंगा. सासरी राबणाऱ्या बाईला हसायची, ओरडायची, घामाघूम होईपर्यंत नाचायची परवानगी मिळायची ती अशा वेळी. तिचं स्वतःचं बोलणं मात्र रोज पहाटे जात्यावर व्हायचं. हेमा राईरकर आणि गी पॉइटेव्हिन यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून अशा एक लाखाहून जास्त जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. एक लाख! म्हणजे दळणाच्या घरघरीत या बायका किती काय काय बोलून घेत होत्या, विचार करा.

आता लक्षात घ्या, यातला एकेक विरंगुळा घराला बांधलेला आहे. जातं घरात, झोका माहेरच्या झाडाला, मंगळागौर कुणाच्या तरी माजघरात. घर गेलं की नुसत्या भिंती जात नाहीत. झोका जातो, फेर जातो, ओवी ऐकणारी शेजारीण जाते. त्यात ती विधवा असेल किंवा टाकलेली, तर हळदीकुंकू आणि मंगळागौरीतून तिचं नाव आधीच कटलेलं!

म्हणून निवाऱ्यात खेळ आणायचे तर त्यातली ‘सुवासिनी’ची अट आधी बाहेर ठेवावी लागते. हे अवघड नाही. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवांच्या अपमानकारक प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि तो राज्यभर गाजला. या कल्पनेचा पाठपुरावा करणारे प्रमोद झिंजाडे आपल्या सोलापूर जिल्ह्यातल्या करमाळ्याचे. एक अख्खं गाव अट मोडू शकतं, तर एका हॉलमधल्या वीस बायकांच्या फेराला काय अडचण?

भोंडला, हादगा की भुलाबाई?

आता एक गंमत बघा, जी नुसती गंमत नाही. समजा, निवाऱ्यात एक मावशी आल्या आहेत. नाव सांगत नाहीत, गाव सांगत नाहीत. मनाच्या आजाराने आठवणींचा गुंता झालेला. प्रश्न विचारले की गप्प. ‘तुमचं गाव कुठलं?’ हा प्रश्न त्यांना पोलिसांनी, डॉक्टरांनी, कार्यकर्त्यांनी, सगळ्यांनी विचारून झालाय.

नवरात्रात मात्र पाटावर हत्ती काढला, बायकांनी फेर धरला आणि मावशी मधेच बोलल्या, ‘आमच्याकडे याला हादगा म्हणतात.’ झालं! एक धागा हाताला लागला. कारण या एकाच खेळाची नावं मुलखाप्रमाणे बदलतात. पुण्याकडे भोंडला, दक्षिण महाराष्ट्रात हादगा, खानदेशात गुलाबाई, विदर्भात भुलाबाई. आणि टाळ्या वाजवत फुलांच्या उतरंडीभोवती फिरायला लागल्या, तर बतुकम्मा, म्हणजे बहुधा तेलंगणाचा किंवा आपल्याच पूर्व भागातल्या पद्मशाली वस्तीचा रस्ता. खेळाचं नाव, गाण्याची चाल, खिरापतीतला पदार्थ. आधार कार्डावर जे नाही ते यात सापडू शकतं.

तसा हा पुरावा पक्का नसतो. लग्न करून मुलूख बदललेली बाई दोन्हीकडचे खेळ जाणते. पण चौकशीने मिटलेलं तोंड गाण्याने उघडतं, हे महत्त्वाचं. आणि समजा गाव नाहीच सापडलं, तरी फेरातली ती दुपार वाया गेली असं कोण म्हणेल?

सोलापूरला तर हा फंडा फिट्ट बसतो. नवरात्राच्या आसपास इथे एका गल्लीत हादग्याचा फेर असतो आणि दुसऱ्या गल्लीत बतुकम्माचा. भाषा वेगळी, गाणी वेगळी, पण गोल तोच आणि टाळीही तीच. फेरात शिरायला कुणाला व्याकरण यावं लागत नाही.

हे कोण करतंय?

अहिल्यानगरजवळ डॉ. राजेंद्र आणि डॉ. सुचेता धामणे या दांपत्याची माऊली सेवा प्रतिष्ठान ही संस्था आहे. रस्त्यावर सापडलेल्या मनोरुग्ण स्त्रिया आणि त्यांची मुलं इथे एकत्र राहतात. आई आणि मूल यांची ताटातूट न करणं, ही यातली मोठी गोष्ट. मूल अंगणात खेळायला लागलं की आईचं खेळणं वेगळं शिकवावं लागत नाही. कर्जतला मानसोपचारतज्ज्ञ डॉ. भरत वाटवानी यांचं श्रद्धा पुनर्वसन केंद्र आहे. रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णांना बरं करून घरी पोहोचवण्याच्या कामासाठी त्यांना २०१८ चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

चेन्नईची ‘द बॅनियन’ ही संस्था १९९३ पासून बेघर मनोरुग्ण स्त्रियांसाठी काम करते. २०१५ मध्ये त्यांनी ‘होम अगेन’ सुरू केलं. चार-पाच बायकांनी साध्या वस्तीत भाड्याच्या घरात एकत्र राहायचं, मदतीला एक कार्यकर्ती. इथे औषधं आणि कामाच्या बरोबरीने करमणूक आणि लोकांत मिसळणं हाही उपचाराचाच भाग धरला जातो. संस्थेच्या हॉलमध्ये ‘कार्यक्रम’ असतो. घरात मात्र आपण टीव्हीसमोर बसून भाजी निवडतो, शेजारणीशी गप्पा हाणतो. विरंगुळा असा नकळत व्हायला लागला की समजायचं, बाई घरी पोहोचली.

कोलकात्यात सोहिनी चक्रवर्ती यांनी २००४ मध्ये ‘कोलकाता संवेद’ सुरू केली. देहव्यापारासाठी विकल्या गेलेल्या, हिंसा भोगलेल्या मुलींसाठी त्या नृत्याचा उपचार म्हणून वापर करतात. पुढे मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेबरोबर त्यांनी याचा अभ्यासक्रमही तयार केला. यामागचं लॉजिक सोपं आहे. ज्या शरीरावर इतरांनी हक्क सांगितला, ते शरीर परत आपलं वाटायला हवं. आपल्या मर्जीने हात वर करणं, पाय आपटणं, ‘मला हात लावू नका’ म्हणणं आणि ते ऐकलं जाणं, हा त्याचा पहिला धडा.

आणि फुटबॉल! नागपुरात क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी २००१ मध्ये ‘स्लम सॉकर’ सुरू केलं. ‘झुंड’ आठवतोय ना, २०२२ चा? त्यातली अमिताभची भूमिका बारसे सरांवरच बेतलेली आणि दिग्दर्शक आपल्या करमाळा तालुक्यातल्या जेऊरचा नागराज मंजुळे. या चळवळीचा धागा थेट होमलेस वर्ल्ड कपशी जोडलेला आहे. २००३ मध्ये ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहरात तो पहिल्यांदा झाला आणि २००८ मध्ये मेलबर्नला बायकांची स्पर्धा वेगळी सुरू झाली. मैदान छोटं, एका बाजूला चार खेळाडू, सात-सात मिनिटांचे दोन डाव. नियम मात्र भन्नाट आहे. एका खेळाडूला आयुष्यात एकदाच खेळता येतं. दरवर्षी नवी माणसं यावीत आणि जुनी पुढे निघून जावीत, म्हणून. ‘बेघर’ हा शिक्का कायमचा नसतो, हे त्या नियमातच लिहिलेलं आहे.

ॲक्टिव्हिटी की फुकटची मजुरी?

इथे जरा सावध. कित्येक ठिकाणी ‘ॲक्टिव्हिटी’ म्हणजे पापड लाटा, अगरबत्त्या वळा, कागदी पिशव्या चिकटवा. बायका गुंतून राहतात, वस्तूंचं प्रदर्शन भरतं, पाहुणे खूश. काम मिळणं वाईट नाही. उलट बहुतेक बायकांना तेच हवं असतं. पण काम हे काम आहे आणि विरंगुळा हा विरंगुळा. वस्तू विकली गेली तर तिचे पैसे करणारीच्या हातात पडले पाहिजेत.

हे आम्ही मनाचं सांगत नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम २० मध्ये हे लिहिलेलं आहे. उपचार केंद्रात राहणाऱ्या व्यक्तीला विश्रांती आणि करमणुकीच्या वाजवी सोयी मिळायला हव्यात. त्याच कलमात पुढे म्हटलंय, की तिच्यावर कामाची सक्ती करता येणार नाही आणि काम केलं तर योग्य मोबदला द्यावा लागेल. त्याही आधी, १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याच्या २४ व्या कलमात विश्रांती आणि फुरसत हा प्रत्येक माणसाचा हक्क म्हणून नोंदवलेला आहे. म्हणजे तुमचा-आमचा रविवार ज्या कागदावर उभा आहे, त्याच कागदावर तिचाही.

सोलापूरला काय जमेल?

बजेट? फार लागत नाही. या शहरात चादरी आहेत, टॉवेल आहेत, गणवेशांचा मोठा धंदा आहे. कापड बेतलं की चिंध्या उरतात. चार बायका, सुई-दोरा आणि चिंध्यांचं गाठोडं मिळालं की वाकळ सुरू. कानडी बाई तिला कौदी म्हणेल, तेलुगू बाई बोंता, पण टाका सगळ्यांना येतो. हातात सुई असली की डोळ्याला डोळा न भिडवता बोलता येतं, आणि अवघड गोष्टी तशाच बोलल्या जातात. फक्त एक अट: पहिली वाकळ तिची स्वतःची. रात्री तीच अंगावर घ्यायची. विकायची की नाही, ते नंतर ती ठरवेल.

अंगणात एखादं झाड असेल तर झोका. सकाळी दारापुढे रांगोळी. रेडिओ, पण स्टेशन लावायचं बायकांनी. महिन्यातून एकदा बाहेर. सिद्धेश्वर तलावाच्या काठी चक्कर, जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेत पाळणा आणि भेळ. आणि बाहेर पडताना ‘संस्थेच्या बायका’ अशी रांग लावायची नाही. दोघी-तिघींनी आपापलं भटकायचं, साध्या गिऱ्हाइकासारखं बांगड्यांचा भाव करायचा. जत्रेत घासाघीस करता येणं, ही किती चैन आहे, हे ज्याची ती गेली त्यालाच कळतं.

मात्र एक गोष्ट स्पष्ट. फुगडी ही घराला पर्याय नाही. औषधाला नाही, कोर्टातल्या पोटगीलाही नाही. सोलापूरने घराचं मोल इतरांना शिकवावं, असं हे शहर आहे. इथल्या विडी कामगार बायकांनी नरसय्या आडम यांच्या नेतृत्वाखाली वर्षानुवर्षं झगडून कुंभारीला दहा हजार घरांची वसाहत मिळवली, २००६ मध्ये तिच्या चाव्या मिळाल्या. पुढे असंघटित कामगारांसाठी तीस हजार घरांचं रे नगर उभं राहिलं आणि जानेवारी २०२४ मध्ये त्यातल्या पहिल्या पंधरा हजार घरांचं वाटप झालं. त्या बायका जिंकल्या, कारण त्या एकत्र होत्या. स्टेशनबाहेरची बाई एकटी असते. तिला युनियन नाही, मोर्चा नाही, शेजारीण नाही. फेरात हात धरणारी बाई ही कदाचित तिला बऱ्याच वर्षांनी मिळालेली पहिली मैत्रीण असते. हक्क मागायची सुरुवात अशाच दोन बायकांच्या बोलण्यातून होते. म्हणून विरंगुळा घराच्या आड येत नाही, घराच्या वाटेवर येतो.

शनिवारचे दोन तास

तुम्हाला यात उतरायचंय? ग्रेट. पण आधी हे वाचा.

* आधी संस्थेला फोन करा, त्यांची ओळखपत्राची आणि चौकशीची पद्धत पाळा. परस्पर ग्रुप घेऊन धडकू नका.
* बर्थडेचा केक कापायला एकदाच जाण्यापेक्षा तीन महिने दर शनिवारी दोन तास जा. सोडून गेलेली माणसं त्यांनी भरपूर पाहिली आहेत. परत येणारं माणूस ही नवलाई असते.
* ‘तुम्ही इथे कशा आलात?’ हा प्रश्न नको. ‘तुम्हाला कुठलं गाणं येतं?’ हा चालेल.
* फोटो नाही, रील नाही. घरच्यांपासून लपून राहिलेल्या बाईसाठी तुमची एक पोस्ट जीवघेणी ठरू शकते.
* कुणालाही हाताला धरून नाचायला ओढू नका. कडेला बसून बघणारीसुद्धा कार्यक्रमातच आहे.
* तुम्ही शिकवायला जाताय, हे डोक्यातून काढा. फुगडीत तुमची दमछाक होणार, ती होऊ द्या. त्यांना हसू द्या.
* रस्त्यावर अडचणीतली बाई दिसली तर महिलांसाठी १८१ किंवा तातडीला ११२. मनाच्या त्रासाबद्दल बोलायचं असेल तर टेलिमानस १४४१६. मानसिक आजाराने भटकणाऱ्या व्यक्तीला संरक्षण देणं आणि २४ तासांच्या आत सरकारी आरोग्य केंद्रात नेणं, ही कायद्याने पोलिसांची जबाबदारी आहे. ती नम्रपणे आठवण करून द्यायला हरकत नाही.

पैसे द्यायचे असतील तर जरूर द्या. धान्य द्या, चादरी द्या. सोलापूरकर देण्यात कधी मागे नसतात. पण यादीत एक गोष्ट वाढवा. ढोलकी, रंगपेटी, कॅरम बोर्ड, रांगोळीचा डबा, नाहीतर झोक्यासाठी एक भक्कम दोर. पावतीवर ‘इतर’ या रकान्यात लिहिली जाईल अशी कुठलीही वस्तू. माणूस जगतो पहिल्या रकान्यांवर, पण त्याला जगावंसं वाटतं ते या ‘इतर’मुळे!